दत्तू एक दाबतो

माझ्या मुलीने माझी एक खोटी प्रत बनवली आहे आणि तिचं नाव दत्तू ठेवलं आहे, हे मला एका रविवारी मटार सोलता सोलता कळलं.

दत्तू मला फक्त माझी आई म्हणायची. बाकी जगाला मी दत्तात्रय पांढरीपांडे. मूळचे आम्ही नागपूरचे, पण माझी सगळी नोकरी भोपाळच्या मोठ्या सरकारी कारखान्यात, चाचणी विभागात गेली, आणि निवृत्तीनंतर तिथून जवळच अवधपुरीत घर बांधून राहिलो. कॉलनीत मला पांडेजी म्हणतात, कारण आमचं आडनाव पूर्ण उच्चारायला इथे कोणाला सवड नाही. माझी बायको सुनंदा गेल्यापासून घरात मी एकटाच असतो. मुलगा मंदार पुण्यात आहे. मुलगी ऋचा इथेच शाहपुऱ्यात राहते आणि महाराणा प्रताप नगरातल्या एका छोट्या कंपनीत प्रोग्राम लिहिते.

त्या रविवारी ती लॅपटॉप घेऊन जेवणाच्या टेबलाशी बसली होती. मी समोर मटार सोलत होतो आणि मधूनमधून उठून तिच्या पडद्यात डोकावत होतो. दुसऱ्याच्या कामात नाक खुपसायची मला पहिल्यापासून हौस. त्याच हौसेचा कारखान्याने मला आयुष्यभर पगार दिला. पडद्यावर हिरव्या ओळींची रांग होती आणि मध्येच एक लाल. त्या लाल ओळीत इंग्रजी अक्षरांत चक्क दत्तू लिहिलेलं होतं.

"हा दत्तू कोण?"

ऋचा हसली. "तुम्हीच. मतलब, तुम्ही नाही. तुमच्या जागी ठेवलेला खोटा माणूस. मॉक म्हणतात त्याला."

"आणि तो लाल काहून झाला?"

"त्याला फोन जायला पाहिजे होता, गेलाच नाही. चूक माझी आहे, त्याची नाही."

एवढ्यावर मी गप्प बसणार नव्हतो. मटाराचं ताट बाजूला सारलं आणि खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसलो.

तिची कंपनी एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांसाठी एक सोय तयार करत होती. सकाळी आठ वाजता म्हाताऱ्याला आपोआप फोन जाणार, गोळी घेतली का म्हणून विचारणार. घेतली असेल तर फोनवरचं एक दाबायचं, नसेल तर दोन. म्हाताऱ्याने फोन उचललाच नाही तर थोड्या वेळाने पुन्हा फोन, मग मुलाला, मग शेजाऱ्याला. आणि याचा पहिला प्रयोग कोणावर होणार? अर्थातच माझ्यावर. घरचा म्हातारा आयता मिळाला होता.

मी हो म्हणालो त्यामागे मंदार होता. वर्षभर तो मागे लागला होता की बाबा, आता एकटे राहू नका, पुण्याला या. त्याचा फ्लॅट बाराव्या मजल्यावर, सून गुणी, घर चकचकीत. पण इथे मागच्या खोलीत माझं कामाचं टेबल आहे आणि त्यावर पक्कड ठेवली की ती तिथेच सापडते. बाराव्या मजल्यावर मी कितीही दिवस राहिलो तरी पाहुणाच राहिलो असतो. शेवटी ऋचाने मध्यस्थी केली: हा फोन लावून बघू, बाबा रोज उत्तर देत असतील तर त्यांना राहू दे. मंदारने अट घातली की तीनदा उत्तर आलं नाही तर बाबा पुण्याला येतील आणि वाद घालणार नाहीत. ती अट मी मोठ्या तोऱ्यात मान्य केली होती.

"पण खोटा माणूस लागतो कशाला?" मी विचारलं. "मी आहे ना खरा, समोर बसलेला."

"बाबा, मी दिवसातून शंभरदा चाचणी चालवते. शंभरदा तुम्हाला फोन लावू? आणि तुम्ही चक्कर येऊन पडलात तर प्रोग्राम काय करतो हे बघायला तुम्हाला पाडू?"

मग माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. कारखान्यात वीज तयार करणारं जनित्र बनलं की त्याची चाचणी घ्यायला आम्ही त्याला काही गाव जोडत नव्हतो. पाण्याची मोठी टाकी असायची, तिच्यात लोखंडी पत्रे खाली सोडायचे. पत्रे जितके बुडतील तितका भार वाढतो. जनित्राला वाटतं, गावात दिवे लागले, गिरण्या सुरू झाल्या. प्रत्यक्षात नुसतं पाणी तापत असतं. हे मी ऋचाला हातवारे करून सांगितलं.

"बस, अगदी हेच," ती म्हणाली. लहानपणी गणित सुटल्यावर तिचा चेहरा व्हायचा तसा झाला. "जनित्राला कळता कामा नये की समोर गाव नाही. माझ्या प्रोग्रामलाही कळता कामा नये की समोर बाबा नाहीत. बाहेरून दोघांची जोडणी सारखी. आतून दत्तू रिकामा. त्याला जेवढं शिकवलं तेवढंच येतं."

"काय काय शिकवलंस?"

"सांगितलं तर एक दाबतो. सांगितलं तर दोन. सांगितलं तर फोन उचलतच नाही. आणि त्याला किती वेळा फोन आला, कधी आला, ते लक्षात ठेवतो. शेवटी मी त्याला विचारते आणि हिशेब जुळवते."

"पण आठ वाजेपर्यंत वाट बघत बसायची?"

"घड्याळही खोटंच आहे ना. मी म्हणेन तेव्हा आठ वाजतात."

हे मला फारच आवडलं. माणूस खोटा, घड्याळ खोटं, फोन खोटा, आणि या सगळ्यांच्या मधोमध एकच खरी गोष्ट, जिची परीक्षा चालली आहे. बाकीचे सगळे तिच्यासाठी सोंग घेऊन उभे.

"मंदार पण आहे का यात?"

"आहे की. खोटा मंदार काहीच करत नाही. त्याला फोन आला होता का, एवढंच सांगतो."

"मग खरा आणि खोटा यात फरक काय?"

ऋचाने माझ्याकडे डोळे वटारून बघितलं, पण हसू तिला आवरलं नाही.

"एक सांग," मी म्हणालो. "तुझा दत्तू कधी लबाडी करतो का? गोळी न घेता एक दाबतो का?"

"तो कशाला लबाडी करेल? त्याला गोळीच नाहीये, बाबा. त्याचं एक म्हणजे एक." ती बोलता बोलता ओळ दुरुस्त करत होती. लाल ओळ हिरवी झाली आणि तिने लॅपटॉप मिटला.

जाताना मी तिला निखिलबद्दल विचारलं. निखिल माझा जावई, दिवाळीनंतर हैदराबादला नव्या नोकरीवर गेला होता. "मजेत आहे," ती चप्पल घालता घालता म्हणाली. "पुढच्या महिन्यात येणार आहे." हा पुढचा महिना मी मागच्या महिन्यातही ऐकला होता. पण मी सगळीकडे डोकावतो, पोरीचा संसार एवढी एक जागा सोडून.

पुढच्या आठवड्यात फोन सुरू झाला. टचस्क्रीनवर माझं बोट हवं तिथे कधीच लागत नाही, म्हणून ऋचाने मला बटणांचा साधा फोन वेगळा आणून दिला. आवाज तिचाच होता, आधी रेकॉर्ड करून ठेवलेला. "बाबा, सकाळची गोळी घेतली का? घेतली असेल तर एक दाबा. नसेल तर दोन दाबा. बरं वाटत नसेल तरी दोनच दाबा." एक दाबलं की म्हणायची, "छान, बाबा! दिवस चांगला जावो."

सुरुवातीला मला मजा वाटली. मी त्या रेकॉर्डला "तुझाही" असं म्हणायचोसुद्धा. मग एका सकाळी मी मागे कढीपत्त्याला पाणी घालत होतो आणि घंटी ऐकूच आली नाही. तिकडे पुण्यात मंदार मीटिंगमधून उठला, इकडे शेजारचा आशिष अर्धी दाढी झालेल्या तोंडाने फाटकाशी धावत आला. "अंकलजी, आप ठीक तो हैं?" हातात पाइप धरून मी अगदी ठीक होतो. पुढे एकदा मी अंघोळीत होतो. पुन्हा तीच धावपळ झाली, फक्त या वेळी आशिषची दाढी पूर्ण झाली होती. संध्याकाळी मंदारचा फोन आला.

"बाबा, दोनदा झालं. आता आणखी एकदा झालं की मी तिकीट काढतो."

मी त्याच्यावर भडकलो, पण अट मीच मान्य केली होती. दुसऱ्या दिवसापासून मी सकाळी फोन खिशात घालून हिंडू लागलो. अंघोळ लांबवायची, झाडांना पाणी नंतर घालायचं, आठ वाजले की सगळं सोडून फोनकडे बघत उभं राहायचं. कारखान्यातून सुटलो त्याला इतकी वर्षं झाली, आणि आता स्वतःच्याच घरात हजेरी. मला भयंकर राग यायचा. राग ऋचाचा नव्हता, मंदारचाही नव्हता. एक दाबणाऱ्या माझ्या बोटाचा होता.

आणि तेव्हा मला दत्तूची आठवण झाली. तिच्या प्रोग्रामसमोर खोटा बाबा चालतो, तर माझ्या घरात का चालू नये? यात पुण्याची भीती होती हे मी नाकारत नाही, पण खरं म्हणाल तर भीतीपेक्षा उत्सुकता जास्त होती. तिच्या यंत्राला फरक कळतो का, हे मला बघायचंच होतं.

दारावरची जुनी टिंगटाँग घंटी मी कधीची काढून ठेवली होती. तिच्या पोटात तारेचं वेटोळं असतं, त्यात वीज आली की लोखंडाची कांडी पुढे उसळते. मी तो बटणांचा फोन एका जुन्या पाटावर आवळून बसवला आणि ती कांडी बरोबर एकच्या बटणावर येईल अशी घंटी जोडली. इअरफोनची पिन लावून ठेवली की फोन आपोआप उचलला जाईल, अशी सोय त्या फोनमध्ये होतीच. त्या पिनेची तार मी माझ्या एका जुन्या टायमरला दिली: आवाज सुरू झाला की टायमर सुरू, ठरलेला वेळ झाला की कांडी खाली. आणि माझ्या समाधानासाठी एक छोटा स्पीकरही जोडला, म्हणजे दोघांचं बोलणं मला ऐकू येईल. हे सगळं करताना मी जेवायचं विसरलो. किती दिवसांनी विसरलो होतो!

पहिल्या सकाळी मी मागच्या खोलीच्या दारामागे उभा राहून बघत होतो. घंटी वाजली, थांबली, ऋचाचा आवाज आला. "बाबा, सकाळची गोळी घेतली का? घेतली असेल तर एक दाबा. नसेल तर..." टक्. "छान, बाबा! दिवस चांगला जावो." टायमर जरा घाईत होता, प्रश्न पुरा व्हायच्या आधीच कांडी पडली. पण यंत्राने ते उत्तर मुकाट्याने घेतलं. तिकडे ऋचाच्या फोनवर माझ्या नावापुढे हिरवा ठिपका लागला असणार. मी दारामागे एकट्यानेच टाळी वाजवली.

त्यानंतर माझ्या सकाळी मला परत मिळाल्या. कढीपत्त्याला वेळेवर पाणी, निवांत अंघोळ, आशिषकडचा पेपर. टायमरची वेळ थोडी वाढवावी असं रोज मनात यायचं, पण काम चालत असताना हात कोण लावतो. आठ वाजता मागच्या खोलीतून टक् ऐकू यायचं आणि मला वाटायचं, दत्तू कामावर आहे.

एक गोष्ट मात्र माझ्या उशिरा लक्षात आली. पूर्वी ऋचा रोज संध्याकाळी ऑफिसमधून निघताना मला फोन करायची. काय जेवलात, काय करून राहिले, एवढंच बोलणं. हिरवे ठिपके लागायला लागले तसे ते फोन आधी एक दिवसाआड झाले, मग रविवारचे झाले, मग रविवारीही ती कामात असायची. मीही केला नाही. ती बरी आहे हे तिचा आवाज मला रोज सकाळी सांगतच होता.

दुसरी गोष्ट तर माझ्या लक्षातच आली नाही. मला रोज गोळीची आठवण करून देणारा तो प्रश्न होता, आणि प्रश्न ऐकायला आता मी जागेवर नव्हतो. प्रश्न दत्तू ऐकत होता. रक्तदाबाची गोळी कधी घेतली, कधी घेतल्यासारखी वाटली.

तो दिवस साधा होता. मी स्वयंपाकघरात चहाचं आधण ठेवायला वळलो आणि फरशी एकदम वर आली. भान पूर्ण गेलं नव्हतं. मी फ्रिजच्या पायाशी आडवा होतो, उजवा हात अंगाखाली दुमडलेला, आणि डोळ्यांपुढे छत गरगरत होतं. उठायचं कसं हे काही केल्या आठवेना. मी घाबरलो होतो. त्याला दुसरा शब्द नाही.

आणि मागच्या खोलीत घंटी वाजली.

"बाबा, सकाळची गोळी घेतली का?" ऋचा विचारत होती, अगदी प्रेमाने. "घेतली असेल तर एक दाबा. नसेल तर..."

"दोन!" मी जमिनीवरून ओरडलो. "ऋचा, दोन! दोन!"

टक्.

"छान, बाबा! दिवस चांगला जावो."

मग घर शांत झालं. मंदारला फोन गेला नाही, आशिष धावत आला नाही. फोन जाणार कसा? माझ्याकडून उत्तर मिळालं होतं, आणि उत्तर उत्तम होतं. मी तिथे पडल्या पडल्या ऋचाच्या चाचणीचं चित्र बघत होतो: रेकॉर्ड केलेली मुलगी विचारते, घंटीची कांडी उत्तर देते, सगळ्या ओळी हिरव्यागार. मधोमध जी एक खरी गोष्ट असायला पाहिजे होती ती फ्रिजजवळ पडली होती.

बऱ्याच वेळाने छत थांबलं. मी आधी बसता झालो, मग ओट्याला धरून उभा राहिलो. पाणी प्यालो. मनगट सुजून टम्म झालं होतं. औषधाच्या डब्यात बघितलं तर गोळ्या उरायला हव्या होत्या त्याहून बऱ्याच जास्त उरल्या होत्या.

खुर्चीवर बसून मी विचार केला. कोणालाही काही कळलेलं नव्हतं. मनगटाचं काय, कुंडी उचलताना मुरगळलं म्हणता आलं असतं. कागदोपत्री मी ठणठणीत होतो. सांगितलं तर मंदार तिकीट काढणार, आणि त्याला नाही म्हणायला मला तोंड उरणार नाही. मागच्या खोलीचं दार उघडं होतं आणि पाटावरचा दत्तू तिथून दिसत होता. टाकीत पत्रे सोडून चाचणी पास झालेलं जनित्र आम्ही डोळे मिटून गावाला कधी जोडलं नव्हतं. बसवल्यावर तिथे जाऊन, खऱ्या भाराखाली पुन्हा बघायचो. आणि मी स्वतःच्याच जागी टाकी ठेवून निर्धास्त झालो होतो.

डाव्या हाताने मी ऋचाला फोन लावला.

"ऋचा, दोन."

"काय? बाबा? काय दोन?"

"मी दोन दाबतोय. पडलो होतो. आता बसलो आहे, पण ये."

मागे ऑफिसातली खुर्ची जोरात सरकल्याचा आवाज तेवढा आला.

महाराणा प्रताप नगरातून अवधपुरीला ती स्कूटरवर कशी आली हे मी विचारलं नाही. आधी दवाखाना झाला. हाड मोडलं नव्हतं. रक्तदाब इतका चढला होता की डॉक्टरांनी मला सोडून ऋचालाच दम भरला, आणि ती मान खाली घालून ऐकत राहिली. तेव्हा मला फार लाज वाटली.

घरी आल्यावर मी तिला हाताला धरून मागच्या खोलीत नेलं आणि पाट दाखवला. ती रागावेल अशी माझी खात्री होती. तिने आधी खाली मांडी घातली. मग वाकून घंटी बघितली, कांडी बोटाने मागेपुढे केली, तार कुठून कुठे जाते ते चाचपलं. मग लॅपटॉप काढून तिने तिथूनच या फोनला कॉल लावला. तिचा आवाज आला, टक् झालं, छान बाबा झालं. तिने पुन्हा लावला. पुन्हा टक्. ती हसायला लागली, आणि हसता हसता तिचं रडू कधी सुरू झालं ते तिलाही कळलं नाही.

"प्रश्न संपायच्या आधीच दाबतोय हा," ती नाक पुसत म्हणाली. "रोज. मला पडद्यावर दिसत होतं, बाबा. मला वाटलं, बाबा किती उत्साहात आहेत. महिनाभर मी माझ्या आवाजाला घंटीशी बोलायला लावलं आणि ठिपका बघून खूश होत राहिले."

"तू तुझी खोटी प्रत पाठवलीस, म्हणून मी माझी पाठवली," मी म्हणालो. मला ते थट्टेत म्हणायचं होतं, पण तसं निघालं नाही.

मंदारला फोन तिने लावला आणि स्पीकर सुरू केला. ती बोलणार तेवढ्यात मी तिला थांबवलं आणि सगळं माझ्या तोंडाने सांगितलं: घंटी, पाट, फ्रिज, उरलेल्या गोळ्या.

"ऋचा, पण तुझ्या सिस्टीमला कळलं कसं नाही?" त्याने विचारलं.

"कारण माझ्या चाचणीतला दत्तू कधी लबाडी करत नाही. मी शिकवलंच नव्हतं त्याला. बाबांनी विचारलं होतं तेव्हाही मी हसण्यावारी नेलं."

"मंदार," मी म्हणालो, "अट मोडली आहे, मी वाद घालणार नाही. तू म्हणशील तेव्हा येतो. फक्त एक लक्षात घे. आज तुला कळलं ते यंत्रामुळे नाही कळलं. मी सांगितलं म्हणून कळलं."

मी कामाच्या टेबलावरची पक्कड बघत होतो.

"पुढच्या वेळी पण सांगाल?" मंदारने विचारलं. त्याचा आवाज लहानपणी दुखलं-खुपलं सांगायचा तसा होता. "बरं नसलं की स्वतः सांगाल? घंटी-बिंटी न लावता?"

"सांगीन."

"मग राहा तिथेच. ज्या दिवशी सांगणार नाही त्या दिवशी मी येऊन घेऊन जाईन." आणि त्याने फोन ठेवला. माझा पोरगा मला वाटलं होतं त्यापेक्षा शहाणा निघाला, हे मी ऋचाला बोलून दाखवलं नाही.

चहा मी करतो म्हणालो, डाव्या हाताने. ऋचा स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात लॅपटॉप मांडीवर घेऊन बसली आणि मला प्रश्न विचारू लागली. नवा दत्तू बनवायचा होता, लबाड दत्तू, आणि त्याला शिकवायला तिच्यासमोर खरा नमुना उभा होता.

"समजा तुम्हाला बरं नाहीये," ती म्हणाली, "आणि सांगायचंही नाहीये. मग तुम्ही काय करता?"

मी विचारात पडलो. एवढ्या आयुष्यात मला हे कोणी विचारलं नव्हतं. "आधी आवाज चढवतो," मी म्हणालो. "जरा जास्तच खुशीत बोलतो. मग दुसऱ्याच कोणाचा विषय काढतो."

तिने लिहून घेतलं. "आणखी?"

"आणि उत्तर लवकर देतो. फार लवकर. खरं उत्तर द्यायचं तर माणसाला आधी आत डोकावून बघावं लागतं, त्याला थोडा वेळ लागतो. खोटं तयारच असतं. ते प्रश्न संपायच्या आधीच बाहेर पडतं."

"त्या कांडीसारखं."

"त्या कांडीसारखं."

ती भराभर लिहीत होती. मी आधणात साखर घातली, पातेलं जरा बाजूला सारलं आणि सहज म्हणून विचारलं, "बरं, तुझं काय चाललंय? निखिल काय म्ह..."

"मजेत, बाबा! एकदम मजेत. पुढच्या महिन्यात येतोय. आशिषकडे नवी गाडी आली ना?"

तिची बोटं थांबली. तिने जे म्हटलं ते मीही ऐकलं होतं आणि तिनेही. चहा उतू जायला लागला. मी गॅस बंद केला. तिला आत डोकावून बघायला लागेल तेवढा वेळ मी ओट्याला टेकून उभा राहिलो.

तिने लॅपटॉप मिटून बाजूला ठेवला.

"दोन, बाबा," ती म्हणाली.

मी उंबऱ्यात तिच्याशेजारी जाऊन बसलो.